बीड परिसरातील मराठी व दख्खनी : भाषिक साम्याचा एक विचार

दोन भाषांमध्ये साम्य आढळले म्हणजे त्यांचा परस्परसंबंध सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. इथिओपियातील ओरोमो ही आफ्रो-आशियाई कुलाच्या कुशिटिक शाखेतील भाषा. जर्मन ही इंडो-युरोपीय कुलातील. तरीही स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाने दोन्ही भाषांत शब्दाचा अर्थ पालटतो. ओरोमोत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तर जर्मनमध्ये गौण वाक्यात ते शेवटी जाते. या साम्यामागे समान कुळही नाही आणि दीर्घ सहवासही नाही. म्हणून कोणत्याही दोन भाषांची तुलना करताना साम्य वारशाने आले, संपर्काने आले की केवळ योगायोगाने, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. बीड जिल्ह्यातील मराठी आणि दख्खनी यांच्या संदर्भात तो विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण या दोन्ही भाषा एकाच भारतीय आर्य कुलातील असून शतकानुशतके एकाच वस्तीत नांदत आल्या आहेत.

बीडचा प्रदेश बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा राजवटींखालून गेला. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. आसफजाही राजवटीच्या उत्तरकाळात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्या कारभाराने मराठीला शब्द दिले. ‘कास्तकार’, ‘मावेजा’ यांसारखे शब्द मराठवाड्याच्या बोलण्यात रुळलेले दिसतात. हे शब्द कचेरीतून, म्हणजे वरून खाली आले. सत्तेची भाषा प्रजेच्या भाषेला नामे पुरवते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मराठीकडून दख्खनीकडे जे गेले, त्याचे स्वरूप मात्र निराळे आहे. दख्खनीतील ‘नक्को’ हे मराठी ‘नको’चेच रूप होय. मराठीत एकवचनी ‘जाऊ नको’ आणि अनेकवचनी ‘जाऊ नका’ असा भेद होतो. दख्खनीने शब्द घेतला, पण त्याची रूपे घेतली नाहीत. तेथे ‘नक्को’ अविकारी राहतो आणि वचनभेद ‘नक्को जा’, ‘नक्को जाओ’ असा क्रियापदात दिसतो. दुसरे उदाहरण ‘च’ या अव्ययाचे. ‘मीच’, ‘आजच’ याप्रमाणे दख्खनीत ‘मैंइच’, ‘आजिच’ अशी रूपे येतात. प्रमाण उर्दूत या ठिकाणी ‘ही’ येतो. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) मराठीत ‘चि’ विपुल आहे. दिल्लीची सत्ता व तिची बोली दक्षिणेत स्थिरावू लागली ती त्यानंतरच्या, म्हणजे चौदाव्या शतकात. त्यामुळे या देवघेवीची दिशा निःसंशय ठरते.

तथापि प्रत्येक साम्य मराठीच्या खात्यावर मांडणे योग्य होणार नाही. ‘कायकू’ या दख्खनी शब्दात मराठी ‘काय’ ऐकू येतो. परंतु उत्तरेकडील बोलींतील ‘काहे को’ यापासूनही तो सिद्ध होऊ शकतो. ‘बाताँ’, ‘किताबाँ’ ही अनेकवचने ‘वाटा’, ‘विटा’ यांच्याशी जुळल्यासारखी वाटतात, पण त्यांचे खरे नाते पंजाब-हरियाणाच्या बोलींशी आहे. उत्तरेतून आलेल्या सैनिकांनी व स्थलांतरितांनी ती बरोबर आणली. येथे साम्य वरवरचे ठरते.

प्रयोगविचारात तर भेदच ठळक होतो. मराठीत ‘मुलाने भाकरी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद कर्मानुसार चालते. उर्दूत ‘लडके ने रोटी खाई’ अशीच रचना होते. दख्खनीच्या अनेक रूपांत मात्र ‘लडका रोटी खाया’ असे वाक्य ऐकू येते. येथे ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. क्रियापदाने कर्त्याला अनुसरणे हे तेलुगू व कन्नड या शेजारभाषांचे वैशिष्ट्य आहे. तसेच ‘वो आता बोलके बोला’ आणि ‘तो येतो म्हणून म्हणाला’ या वाक्यांची ठेवण एक आहे. तेलुगूतील ‘अनि’ आणि कन्नडमधील ‘एंदु’ हेच कार्य करतात. म्हणजे ‘बोलके’ व ‘म्हणून’ हे केवळ दोन भाषांमधील देणेघेणे नसून साऱ्या दक्षिणापथाचा तो सामाईक ठेवा आहे. दख्खनी ही उर्दूत मराठी मिसळून झालेली भाषा नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या तुलनेतून एक निष्कर्ष निघतो. नामे दूर राहूनही घेता येतात. त्यासाठी हुकूमनामा, बाजार किंवा ग्रंथ पुरेसा असतो. ‘नको’ आणि ‘च’ यांसारखे शब्द तसे घेता येत नाहीत. नकार देणे, हट्ट धरणे, आग्रह करणे या व्यवहारांत ते सतत वापरले जातात आणि एकाच गल्लीत, एकाच पाणवठ्यावर दोन्ही भाषा रोज कानी पडल्याखेरीज ते जिभेवर बसत नाहीत. कारभाराच्या शब्दांची नोंद दप्तरांत झाली. या लहान शब्दांचे मात्र दप्तर नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील बोलणे हाच त्यांचा पुरावा होय.

‘अशुद्ध उर्दू’ म्हणून दख्खनीची आणि ‘गावंढळ मराठी’ म्हणून मराठवाडी बोलीची जी अवहेलना होते, तिच्यामुळे हा पुरावा नष्ट होण्याचा धोका संभवतो. शाळेत ‘नक्को’ खोडून त्या जागी ‘मत’ किंवा ‘नहीं’ लिहिले जाते, तेव्हा केवळ एक शब्द सुधारला जात नाही. दोन समाजांच्या सहवासाची एक नोंदही पुसली जाते. म्हणून प्रमाणभाषेच्या अध्यापनाबरोबरच या बोलींचे गावनिहाय संकलन होणे अगत्याचे आहे. असे संकलन उर्दू आणि मराठी या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून केले, तरच ते पुरते होईल. कारण यातील अर्धा पुरावा एका भाषेत आणि अर्धा दुसरीत आहे.