बिबा उतला, गाजर घास लागली तर घरी काय करावं

१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद. याच दिवसांत नावा दुरुस्त होतात, जाळी शिवली जातात, काठावरची झाडी साफ होते. आणि याच दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या हातापायाला फोड येतात. १६ ऑगस्टला जाळं ओढायला हात धड हवेत, म्हणून हे लिहितोय.

मोबाईलवर 'पॉयझन आयव्ही'चे घरगुती उपाय फिरतायत. ती वेल अमेरिकेतली, तिघऱ्याच्या काठावर शोधूनही सापडायची नाही. पण तिचा भाऊबंद आपल्या घरात डब्यात बसलाय. बिबा, म्हणजे इकडचा भिलावा. दोघं एकाच कुळातले, आंबा आणि काजूही त्यातलेच. दोघांच्या तेलातलं अंगावर उतणारं द्रव्य जवळपास एकाच जातीचं. पूर्वी धोबी बिब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या खुणा अंगाला लागून पुरळ उठलं होतं.

टाचेला भेगा पडल्या की आपल्याकडे आजी सुईला बिबा टोचून दिव्यावर धरते आणि गळणारं तेल भेगेत सोडते. एकाला काही होत नाही, दुसऱ्याचा पाय सुजून टम्म. पाण्यात भिजलेल्या, चिखल्या झालेल्या पायाला तर बिबा लावूच नका. पुरळ लगेच उठत नाही. बहुतेकदा एक-दोन दिवसांनी उठतं, पहिल्यांदाच लागला असेल तर आठवडाही जातो. म्हणून माणूस म्हणतो, "काल खाल्लेलं बाधलं."

सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे. तेल लागल्याचं कळताच साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवा. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर उत्तम, तासाभराने धुतलं तरी फायदा होतो. नखांखाली नीट धुवा. आधी खोबरेल चोळू नका, त्याने ते तेल आणखी पसरतं. अंगावरचे कपडे, कोयता, दोर, वल्ह्याची मूठ, सगळं साबणाने धुवा. हे तेल वस्तूंवर फार दिवस टिकतं. पुरळ बरं झालेला माणूस तीच न धुतलेली दोरी धरतो आणि पुन्हा फोड येतात.

फोडातलं पाणी लागून पुरळ पसरतं असं बरेच जण मानतात, घरातल्या माणसाला वेगळं बसवतात. तसं नाही. ते पाणी अंगातलंच असतं, त्यात बिब्याचं तेल नसतं. मात्र फोड फोडू नका, नखाने मळ जातो आणि पू होतो.

आता खाज. गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं १५ ते ३० मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. मला विचाराल तर याच्याइतकं गुणाचं दुसरं काही नाही. खाण्याचा सोडा तीन चमचे आणि पाणी एक चमचा अशी पेस्ट करून लावता येते. कॅलामाइन लोशन मेडिकलमध्ये स्वस्त मिळतं. पुरळ सुकून कातडी ओढायला लागली की मग खोबरेल लावा. कढत पाण्याने शेकलं की घटकाभर बरं वाटतं, नंतर खाज दुप्पट होते.

चुना, रॉकेल, टूथपेस्ट, राख यातलं काही नको. चुन्याने आणि रॉकेलने कातडी भाजते, मग पुरळ राहतं बाजूला आणि जखमच निस्तरावी लागते. गजकर्णासाठी आणून ठेवलेली मिश्र मलमंही मनाने लावू नका. खाजेची गोळी घेतली तर झोप येते, तेव्हा ती घेऊन नाव काढू नका.

गाजर घासेचं थोडं वेगळं आहे. हे गवत बाहेरच्या गव्हातून आपल्याकडे आलं, १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि आता देशभर आहे. तिची वाळलेली धूळसुद्धा बाधते, म्हणून पुरळ पापण्या, मान, कोपराचा खळगा अशा ठिकाणी उठतं. धुणं आणि गार फडकं इथेही चालतं, पण एकदा अंगाला बाधली की दरवर्षी बाधते. अशा माणसाला काठ साफ करायला पाठवूच नका. बाकीच्यांनी पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून, फुलं यायच्या आधी मुळासकट उपटावी.

भिलाव्याचं लाकूड किंवा फळं जाळू नका, त्याचा धूर छातीत जातो. कोकणातली जी मंडळी हे पान वाचतात, त्यांनी नावेच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावताना हीच काळजी घ्यावी. ज्याला बिबा उततो त्याला तेही उतू शकतं.

तोंड, डोळे किंवा गुप्त जागी सूज आली, ताप आला, पू झाला, श्वास लागला किंवा पुरळ अंगभर पसरलं तर घरी थांबू नका. मधुमेह असेल तर आणखी लवकर जा. लष्करात जयारोग्य रुग्णालय आहे. डॉक्टरांनी पोटात घ्यायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर सांगितले तितके दिवस घ्या. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केल्या की पुरळ परत उठतं. साधं पुरळ दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. म्हणजे जुलैच्या शेवटी ज्याला बिबा उतला, त्याचे हात हंगाम उघडेपर्यंत जेमतेम बरे होतात. काठाची साफसफाई या आठवड्यातच उरकू. ज्यांच्याकडे हातमोजे नाहीत त्यांनी ऑफिसात नाव द्यावं.

सचिव