द्राक्षतोडणीचा शरद : लांगेच्या टेकड्या आणि तिथलं साहित्य

परभाषेतली कादंबरी मराठीत आणताना 'ऑटम' आला की बहुतेक भाषांतरकार 'शरद' लिहून मोकळे होतात. महिने जुळतात, त्यामुळे कुणाला खटकतही नाही. पण आपला शरद म्हणजे काय? पाऊस संपून निवळलेलं आकाश, कोजागिरीचं चांदणं, भरलेल्या भाताच्या लोंब्या आणि दुपारी अंगाची लाही करणारं ऑक्टोबरचं ऊन. आपल्याकडे झाडं ओकीबोकी होतात ती शिशिरात. उत्तर इटलीत मात्र याच महिन्यांत धुकं उतरतं, पानं पिवळी-तांबडी होऊन गळतात, गारठा वाढतो. आणि या सगळ्याच्या मध्यभागी असते द्राक्षतोडणी. तिला इटालियनमध्ये 'वेंदेम्मिया' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दात 'वाइन' आणि 'काढून घेणं' असे दोन अर्थ जोडलेले आहेत. हा शब्द इतका मोलाचा की फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जे नवं कॅलेंडर केलं, त्यातल्या पहिल्याच महिन्याला तोडणीचं नाव दिलं गेलं.

आज आपण या शरदाकडे एकाच प्रदेशातून पाहू. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांत आहे, त्यातल्या कुनेओ जिल्ह्यात तानारो नदीच्या उजव्या अंगाला लांगे नावाच्या टेकड्या आहेत. 'लांगा' म्हणजे लांबट, अरुंद डोंगरधार. अशा धारांमागून धारा आहेत, म्हणून अनेकवचनी 'लांगे'. मधलं मोठं गाव आल्बा. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला आल्प्समधलं 3841 मीटर उंचीचं मोनविझो शिखर दिसतं. बारोलो आणि बार्बारेस्को ही जगभर महाग विकली जाणारी वाइन इथल्याच गावांच्या नावाने ओळखली जाते. (वाइनचं कौतुक करणं हा या लेखाचा हेतू नाही, हे आधीच सांगतो. आपला विषय माणसं आणि त्यांचं लेखन.)

या दोन्ही वाइन ज्या द्राक्षापासून होतात त्याचं नाव नेब्बिओलो. 'नेब्बिया' म्हणजे धुकं. तोडणीच्या वेळी दऱ्यांत धुकं भरतं म्हणून हे नाव पडलं असं कुणी म्हणतं; पिकलेल्या मण्यावर पांढुरकी लव धरते, ती धुक्यासारखी दिसते म्हणून, असं दुसरं कुणी. खरं कारण कोणतंही असो, आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. 'नेब्बिया' आलं लॅटिन 'नेबुला'वरून, आणि 'नेबुला' व संस्कृत 'नभस्' हे एकाच मुळातून निघालेले शब्द. म्हणजे आपलं 'नभ' आणि त्यांचं धुकं ही चुलत भावंडं. शब्दांचा अभ्यास करायचा तो अशा गमतींसाठी!

नेब्बिओलो हे द्राक्ष मोठं अवघड. त्याचा डोळा वसंतात लवकर फुटतो, त्यामुळे थंडीचा मार बसण्याची भीती. आणि फळ पिकतं सगळ्यांच्या शेवटी, त्यामुळे शरदातल्या पावसाची भीती. लांगेतली तोडणी टप्प्याटप्प्याने चालते. ऑगस्ट संपता संपता बेल्बो नदीच्या खोऱ्यातलं गोड मोस्कातो. मग सप्टेंबरात दोल्चेत्तो, त्यामागून बार्बेरा. नेब्बिओलो वेलीवरच. शेजारच्या मळ्यातला माल तळघरात जाऊन आंबायला लागलेला असतो आणि नेब्बिओलोवाला शेतकरी रोज आभाळाकडे बघत बसलेला असतो. पाऊस लांबला तर माल सडतो, घाई करावी तर मणी तुरट राहतो. पूर्वी ही तोडणी ऑक्टोबरच्या मध्यावर किंवा त्याही नंतर होई. हवामान तापत चाललं तशी ती अलीकडे सरकत आली आहे. बऱ्याच वर्षी आता सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कात्र्या चालू होतात.

योगायोग बघा, याच ऑक्टोबरात नाशिक-सांगलीकडचा, आणि आपल्या अथणी-विजापूर पट्ट्यातलाही द्राक्षबागायतदार हातात कात्री घेतो. पण तो तोडणीसाठी नाही, छाटणीसाठी. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. आपल्याकडे कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे वेल आपणहून झोपत नाही. छाटून तिला जागं करावं लागतं आणि माल निघतो जानेवारी ते मार्च-एप्रिल. लांगेतली वेल तोडणी संपली की पानं टाकते आणि हिवाळाभर निजते. जात एकच, महिना एकच, काम अगदी उलट.

उतार तीव्र असल्यामुळे चांगल्या मळ्यात यंत्र चालत नाही. हातानेच घड कापायचे, क्रेटात ठेवायचे, क्रेट ओळीच्या टोकाला वाहून न्यायचे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, ऊन खाणाऱ्या उताराला तिथल्या पिएमोंती बोलीत 'सोरी' म्हणतात, टेकडीच्या माथ्याला 'ब्रिक्को', आणि मळ्यातल्या अवजारं ठेवायच्या खोपीला 'चाबोत'. आज हे शब्द महागड्या बाटल्यांच्या लेबलांवर दिसतात. बोलीतले शेतकी शब्द प्रतिष्ठेचे होतात तेव्हा शेतकऱ्याचं काय होतं, हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

कारण ही श्रीमंती फार जुनी नाही.

शंभर वर्षांपूर्वी लांगे म्हणजे दारिद्र्याचा मुलूख. द्राक्षाच्या उतारांमागे, वरच्या अंगाला 'आल्ता लांगा' आहे. तिथे वेल नीट पिकत नाही. हेझलनट, चेस्टनट आणि कोरडवाहू तुकडे. खालच्या अंगालाही बरेचजण दुसऱ्याची जमीन 'मेझाद्रिया'ने करत. मेझाद्रिया म्हणजे आपली अर्धेली किंवा बटई: राबायचं कुळाने आणि पिकाची वाटणी मालकाशी. करार वर्षाचा. तो संपायचा 11 नोव्हेंबरला, सान मार्तीनोच्या सणाला. तोडणी झालेली, पेरा आटोपलेला, हिशेब मिटवायचा दिवस. मालकाने करार पुढे चालू ठेवला नाही तर त्या दिवशी कुळाने गाडीत भांडीकुंडी, गाद्या, कोंबड्या भरून दुसऱ्या मळ्यावर जायचं. उत्तर इटलीत 'सान मार्तीनो करणं' याचा अर्थच घर हलवणं असा झाला. आपल्याकडे सालगड्याचं साल कुठे पाडव्याला, कुठे आखाजीला बदलतं, ते आठवा. फरक एवढाच की आपल्याकडे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि तिथे धुक्यात, चिखलात, हिवाळा दारात उभा असताना.

हे कळलं की बेप्पे फेनोल्यो याचं लेखन वेगळं दिसू लागतं. फेनोल्यो 1922 साली आल्ब्यात जन्मला आणि 1963 मध्ये, वयाची एक्केचाळीस वर्षं पुरी व्हायच्या आत वारला. 1954 साली त्याची 'ला मालोरा' ही छोटी कादंबरी आली. मालोरा म्हणजे वाट लागणं, सत्यानाश. वरच्या लांगेतल्या गरीब घरातला आगोस्तीनो हा पोरगा एका कुळाच्या घरी सालगडी म्हणून राहतो. लक्षात घ्या, मालकाच्या नव्हे, कुळाच्या घरी. म्हणजे गरिबाच्या हाताखालचा गरीब. त्याच्या एका भावाला सेमिनरीत पाठवतात, त्यामागे भक्तीपेक्षा घरची अडचण जास्त आहे. आणि या कादंबरीतला एक तपशील वाचल्यावर विसरता येत नाही. जेवायला रोज मक्याचा घट्ट उकड-गोळा, म्हणजे पोलेंता. तुळईला दोऱ्याने एक खारवलेला मासा टांगलेला. प्रत्येकाने पाळीपाळीने आपला तुकडा त्या माशाला घासायचा, तेवढीच चव. माशाला माशाचं रूप राहत नाही तरी घासणं चालूच. कुणी जरा जास्त घासलं तर घरधनी मारतो. फेनोल्यो यावर एकही दुःखी विशेषण खर्च करत नाही. ग्रामीण कथा लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे पान पुन्हा पुन्हा वाचावं, असं मला वाटतं. गरिबी सांगायला अश्रू लागत नाहीत, एक दोरा आणि एक मासा पुरतो.

त्याआधी 1952 मध्ये त्याचा कथासंग्रह आला होता, 'आल्बा शहराचे तेवीस दिवस' अशा अर्थाच्या नावाचा. तोही शरदातलाच. 10 ऑक्टोबर 1944 ला फासिस्टविरोधी पार्तिजानांनी आल्बा ताब्यात घेतलं आणि 2 नोव्हेंबरला ते पुन्हा गमावलं. फेनोल्यो स्वतः त्या लढ्यातला. त्याच्या कथेत वीरश्री कमी, पाऊस, चिखल आणि गोंधळ जास्त. त्यामुळे तेव्हा काही लोक रागावलेही. पण ज्या टेकड्यांची चित्रं आपण पोस्टकार्डावर बघतो, त्याच टेकड्यांच्या ओळींमधून तेव्हा पोरं लपतछपत पळत होती.

दुसरा लेखक चेझारे पावेझे. जन्म 1908, गाव सान्तो स्तेफानो बेल्बो, म्हणजे मोस्कातोचा मुलूख. त्याची शेवटची कादंबरी, 'चंद्र आणि होळ्या' असं जिचं नाव मराठीत करता येईल, 1950 च्या वसंतात निघाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने तोरीनोच्या एका हॉटेलात आयुष्य संपवलं. कादंबरीचा निवेदक अनाथाश्रमातून आणलेला पोर. अनाथ मूल सांभाळलं की सरकारी पैसे मिळत, म्हणून एका गरीब कुटुंबाने त्याला घरी ठेवलेला. तो अमेरिकेत पैसा कमावून वीस वर्षांनी गावी परततो. होळ्या म्हणजे उन्हाळ्यात सेंट जॉनच्या रात्री शेताच्या कडेला पेटवायच्या होळ्या. त्याने माती जागी होते, अशी समजूत. 'होळी' शब्द वापरताना तुमच्या मनात फाल्गुन येतो, तिथे मात्र जून आहे. परत तीच ऋतूंची अडचण!

कादंबरीची गोष्ट उन्हाळ्यात घडते, तोडणी येते ती आठवणीतून. पण सगळी उलाढाल वाटणीभोवतीच आहे. निवेदक जिथे वाढला त्या मळ्यावर आता वालीनो नावाचं कूळ आहे. मालकीणबाई वाटणीला येते, शेंगा-बटाट्यांचा हिशेब काटेकोर करते, आणि त्या दिवशी वालीनोचं डोकं फिरतं. तो घरातल्या बायकांचा जीव घेतो, घर पेटवतो आणि गळफास घेतो. उरतो एक लंगडा मुलगा. माती जागी करणारी आग आणि घर जाळणारी आग पावेझे शेजारी शेजारी ठेवतो आणि स्वतः काही बोलत नाही. दोन्ही पुस्तकं इंग्रजीतून मिळतात. एकच वाचायची सवड असेल तर मी आधी फेनोल्यो सुचवीन. पावेझे मोठा, पण तो शहरातून मागे वळून बघतो. फेनोल्यो ताटाशेजारी बसलेला असतो.

मग परिस्थिती बदलली कशी? एक बदल खुद्द बार्बारेस्को गावातला. 1894 साली आल्ब्याच्या वाइन-विद्यालयाचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी तिथे नऊ बागायतदारांना एकत्र करून सहकारी तळघर काढलं होतं. फासिस्ट राजवटीत ते बंद पडलं. 1958 मध्ये गावचे धर्मगुरू दॉन फियोरीनो मारेंगो यांनी ओळखलं की एकेकट्याने हे छोटे शेतकरी तगणार नाहीत. त्यांनी एकोणीस जणांना गोळा केलं आणि 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' ही सहकारी संस्था उभी केली. पहिल्या तीन वर्षांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. मग चौकाच्या पलीकडे संस्थेची इमारत झाली. ती संस्था आजही नावाजलेली आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरा बदल चॉकलेटचा. 1946 साली आल्ब्यात फेरेरो कंपनी निघाली, तिला हेझलनट हवे होते आणि हातही. गावोगाव बसगाड्या फिरू लागल्या. माणूस पाळी करून घरी येई आणि उरल्या वेळात मळा बघे. बरेचजण मात्र तोरीनोच्या कारखान्यांत कायमचे गेले. टेकडीवर उरलेल्या शेतकऱ्यांना मुली मिळेनात. मग 'बाचाले' म्हणजे लग्न जुळवणारे मध्यस्थ दक्षिणेतल्या कालाब्रियातून वधू आणू लागले. भाषा वेगळी, जेवण वेगळं, थंडी वेगळी. नुतो रेवेल्ली या लेखकाने या बायकांच्या आणि इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडच्या हकिकती टेपवर घेतल्या. 1977 आणि 1985 मध्ये त्यांची पुस्तकं झाली. मौखिक इतिहासाचा प्रकल्प करणाऱ्यांनी हे नाव लिहून ठेवा.

कायद्याने 1964 मध्ये मेझाद्रियाचे नवे करार बंद केले. 1980 साली बारोलो आणि बार्बारेस्कोला सर्वोच्च सरकारी दर्जा मिळाला. 2014 साली लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातोच्या मळ्यांचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. जमिनीचा भाव आता इटलीतल्या सर्वांत चढ्या भावांपैकी आहे.

तोडणी मात्र अजूनही हातानेच होते, आणि ते हात आता बहुतेक बाहेरचे. मॅसेडोनिया, रोमानिया, बल्गेरिया, आफ्रिका. मजूर पुरवणाऱ्या दलालाला इटालियनमध्ये 'कापोराले' म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द आहे, मुकादम. 2015 च्या जुलैत दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतात द्राक्षमळ्यात काम करताना एक मजूर बाई मरण पावली, त्यानंतर 2016 मध्ये अशा पिळवणुकीविरुद्ध कडक कायदा झाला. तरी गेल्या काही वर्षांत खुद्द लांगेतही पोलिसांना तुटपुंज्या मजुरीवर राबवलेले परदेशी मजूर सापडले आहेत. युनेस्कोच्या फलकापासून फार लांब नव्हे. म्हणजे कुळाच्या हाताखालचा आगोस्तीनो अजून आहे, फक्त त्याचं गाव बदललं आहे.

पुढच्या बैठकीसाठी एक काम. 'सान मार्तीनो करणं' हा वाक्प्रयोग कादंबरीत आला तर मराठीत काय लिहाल? 'बिऱ्हाड हलवणं' लिहिलं तर अर्थ येतो, पण तारीख आणि करार दोन्ही जातात. 'साल बदलणं' लिहिलं तर करार येतो, पण वाचकाला उन्हाळा दिसतो. मूळ शब्द तसाच ठेवून वाक्यात गाडी, कोंबड्या आणि धुकं येऊ द्यावं, असा माझा कल आहे. तुमचे पर्याय दोन-दोन वाक्यांत लिहून आणा.