नखाएवढी कणगी

तापीच्या खोऱ्यातील शेतकरी पूर्वी आपले धान्य कणगीत साठवीत असे. कणगी धड असेल तोवर धान्य सुरक्षित राही. ती खिळखिळी झाली की दाणे गळू लागत. आज जळगाव-धुळ्याच्या घराघरांत एक निराळीच कणगी आली आहे. तिचा आकार बोटाच्या नखाएवढा. परंतु तिच्यात लग्नाची हजारो छायाचित्रे आणि आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या सहज मावतात. तिला मेमरी कार्ड म्हणतात.

या कार्डाचे मूळ जपानमध्ये आहे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८४ साली फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली. कार्डाच्या पोटात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती वीजरोधक द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. माहिती लिहावयाची म्हणजे त्या थरातून इलेक्ट्रॉन बळाने आत ढकलावयाचे आणि पुसावयाची म्हणजे ते पुन्हा बाहेर काढावयाचे. वीज बंद झाली, तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन आतच राहतात. म्हणून माहिती टिकते.

परंतु या जा-ये मुळे तो थर झिजतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी महाग जात सुमारे १,००,००० वेळा लिहिणे-पुसणे सोसते. तीन बिट ठेवणारी स्वस्त जात काही शे ते काही हजार वेळांतच थकते. नुसत्या वाचनाने मात्र फारच थोडी झीज होते. म्हणून गाणी ऐकण्यासाठी ठेवलेले कार्ड दीर्घकाळ चालते, तर रात्रंदिवस चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यातील कार्ड लवकर निकामी होते. कार्डातील नियंत्रक लिहिण्याचा भार सर्व कप्प्यांवर वाटून देतो. तथापि कार्ड काठोकाठ भरलेले असेल, तर मोकळे कप्पे थोडे उरतात आणि तेच ते पुनःपुन्हा राबविले जातात.

उष्णता हा कार्डाचा दुसरा शत्रू होय. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तर त्याहूनही अधिक. अशा तापात कोंडलेले इलेक्ट्रॉन लवकर निसटतात आणि झिजलेल्या कार्डातून ते अधिकच वेगाने निसटतात. शिवाय लिहिणे चालू असता कार्ड उपसून काढले, तर कप्पे शाबूत असूनही आतील अनुक्रमणिका बिघडते. मग कोणते चित्र कोठे ठेवले आहे, हे यंत्राला कळेनासे होते.

यावर उपाय कोणता? तो खानदेशानेच पूर्वी दाखविला आहे. जळगावजवळील आसोदे गावच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओठी आलेली गाणी घरच्या माणसांनी वहीत उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. पुत्र सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली ती गाणी छापून निघाली. छापली गेल्यामुळेच ती घरोघरी पोहोचली. इतिहासाचार्य राजवाडे यांनीही गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे मिळविली व छापून प्रसिद्ध केली. १९२६ साली धुळ्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही उभे आहे.

तात्पर्य, कार्ड हे माहिती वाहून नेण्याचे साधन आहे. तिला कायमचे घर नव्हे. कार्ड सावलीत ठेवावे, थोडी जागा मोकळी सोडावी आणि यंत्राची अनुमती घेऊनच ते काढावे. मोलाच्या गोष्टींच्या आणखी दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कार्ड बिघडले, तर बाजारात दुसरे मिळते. परंतु त्यातील ओवी गेली, तर ती म्हणणारी आजी पुन्हा मिळत नाही.