इंजिनाची साक्ष

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन हे बाजारपेठेचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हा लोहमार्ग घातला गेला. तेव्हा त्याचे दोन रूळ एकमेकांपासून केवळ एक मीटर अंतरावर होते व त्यांवरून वाफेची इंजिने धापा टाकीत धावत. पुढे त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात हा मार्ग रुंद करण्यात आला. आसपासच्या शिवारात एके काळी बैलांच्या मोटेने विहिरीचे पाणी उपसले जाई. मोटेची जागा तेलावर चालणाऱ्या इंजिनाने घेतली आणि वीज आल्यावर बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. याच गंगापूर-वैजापूर भागातून आता समृद्धी महामार्गही जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या ह्या रस्त्यावरून मोटारी वाऱ्यासारख्या जाऊ लागल्या.

विहिरीवरचे तेलाचे इंजिन आणि महामार्गावरची वेगवान स्पोर्ट्स मोटार यांच्या रूपात जमीनअस्मानाचे अंतर आहे. तरीही दोहोंच्या पोटात चालणारे काम एकच असते. म्हणूनच दोन्ही इंजिने बिघडतातही सारख्याच कारणांनी, आणि त्यांची दुरुस्तीही एकाच शहाणपणाने करावी लागते.

ते काम कसे चालते, हे आधी पाहिले पाहिजे. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यात नळीसारखी गोल पोकळी असते. तिला सिलिंडर म्हणतात. त्या पोकळीत दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खालीवर सरकतो. दट्ट्या खाली जाताना हवा व इंधन आत ओढले जाते. वर येताना ते मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडून मिश्रण पेटते व तापलेल्या वायूच्या रेट्याने दट्ट्या खाली ढकलला जातो. शेवटी वर येताना तो जळका धूर बाहेर लोटतो. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली अशा चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी करून दाखवले. त्याच देशातील रुडोल्फ डीझेल याने १८९७ साली ठिणगीवाचून, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटवणारे इंजिन सिद्ध केले. दट्ट्याला जोडलेला दांडा ती खालीवर होणारी गती खालच्या वाकड्या आसाला देतो. हा आस म्हणजे क्रँक. क्रँक फिरला की चाक फिरते, पंप फिरतो, गिरणीचे जातेही फिरते.

विहिरीवरच्या इंजिनाचा क्रँक मिनिटाला सुमारे ६०० ते १५०० फेरे घेतो. स्पोर्ट्स मोटारीचा क्रँक मात्र मिनिटाला ६००० फेरे सहज घेतो. ६००० फेरे म्हणजे सेकंदाला शंभर. तेवढ्या एका सेकंदात प्रत्येक दट्ट्या दोनशे वेळा थांबतो व उलट दिशेने धावू लागतो, आणि प्रत्येक सिलिंडरात पन्नास वेळा जाळ होतो. जळत्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. दट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. मग दट्ट्या वितळत का नाही? कारण जाळ क्षणभरच टिकतो, आणि सिलिंडराभोवती खेळणारे पाणी व आत फिरणारे तेल ती उष्णता सतत वाहून नेत असते. पाणी आणि तेल हे इंजिनाचे दोन मूक सेवक होत. ते आहेत तोवर त्यांची आठवण कोणाला होत नाही.

हे सेवक अडले, की अनर्थ ओढवतो. पाणी गळून गेले तर इंजिनाचे वरचे झाकण, ज्याला मिस्त्री हेड म्हणतात, ते तापून वाकडे होते. तेल तुटले तर क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासतो व क्षणार्धात ते भाजून निघते. इंजिन जाम होते. वेग फार असेल तर दांडा मोडून ठोकळ्याच्या भिंतीला भोकही पाडतो. ऐन रब्बीत कांद्याला पाणी देताना विहिरीवरचे इंजिन असे बंद पडले, तर एका घराचे वर्षाचे उत्पन्न पणाला लागते. भर वेगात मोटारीचे इंजिन असे बसले, तर आत बसलेल्यांचा जीवच धोक्यात येतो.

असे मोडलेले इंजिन पुन्हा उभे करण्याला मिस्त्रींच्या बोलीत ‘इंजिन बांधणे’ असे म्हणतात. हे काम मोठ्या कारखान्यातच होते असे नाही. घरामागच्या पत्र्याच्या पडवीतही ते होऊ शकते. मात्र तेथे जो हात घालील, त्याच्याजवळ हत्यारांपेक्षाही संयम अधिक हवा. पहिला नियम स्वच्छतेचा. धुळीचा एक कण बेअरिंगमध्ये शिरला, तर तो गुळगुळीत धातूवर ओरखडे काढतो. दुसरा नियम क्रमाचा. उघडलेला प्रत्येक भाग कोठून निघाला याची नोंद करावी लागते. एका दांड्याची टोपी दुसऱ्या दांड्यावर बसवून चालत नाही, कारण ती जोडी कारखान्यात एकत्रच कातलेली असते. तिसरा नियम मापाचा. क्रँक आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये माणसाच्या केसाहूनही बारीक फट ठेवलेली असते व तीत तेलाचा पातळ थर राहतो. ही फट डोळ्यांना दिसत नाही. ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोजणाऱ्या मापकानेच कळते. अंदाजाला येथे थारा नाही.

घरी काय करावे आणि काय करू नये, याचीही जाण लागते. इंजिन उतरवणे, उघडणे, धुणे, मोजणे आणि पुन्हा बांधणे ही कामे घरी होतात. पण झिजलेला सिलिंडर नव्याने कातणे, क्रँक घासून गोल करणे, वाकलेले हेड सपाट करणे यांसाठी मोठी यंत्रे लागतात. लासूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील चिकलठाणा व वाळूज या औद्योगिक वसाहतींमुळे अशा कामांत मुरलेले कारागीर त्या शहरात पिढ्यानपिढ्या तयार झाले आहेत. आपल्या हाताची मर्यादा ओळखून योग्य कारागिराकडे जाणे यात कमीपणा नाही. तोही कौशल्याचाच एक भाग आहे.

परंतु ह्या सर्वांहून अवघड असे एक काम आहे, आणि नेमके तेच पुष्कळदा राहून जाते. ते म्हणजे इंजिन का मोडले याचा शोध. बेअरिंग जळलेले दिसले की नवे बेअरिंग आणून बसवण्याचा मोह होतो. समजा, एकाने तसे केले. नवे बेअरिंग बसले, इंजिन बांधले गेले, सुरूही झाले. मात्र पहिल्या बिघाडात निघालेला धातूचा कीस तेलाच्या बारीक वाटेत अडकून राहिला होता, तो त्याने पाहिलाच नाही. दहा मिनिटांतच तेल पुन्हा तुटले आणि नवे बेअरिंगही जळाले. पैसे गेले, श्रम गेले आणि दुखणे जिथल्या तिथे राहिले. ज्याने केवळ मोडलेला भाग बदलला, त्याने परिणाम बदलला. कारण तसेच राहिले.

कारण शोधण्यासाठी साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार मोडलेल्या भागाच्या रूपाने हातातच असतो. क्रँकचा गुळगुळीत भाग निळा पडला असेल, तर तेलाअभावी तो भलताच तापला होता असे समजावे. बेअरिंगवर बारीक ओरखडे असतील, तर तेलात घाण होती. दट्ट्याच्या माथ्याला वितळून भोक पडले असेल, तर मिश्रणात इंधन कमी पडत होते की ठिणगी वेळेआधी पडत होती, हे तपासावे लागते. दट्ट्याच्या माथ्यावर झडपेच्या आकाराची खूण उमटली असेल, तर झडपांची वेळ चुकून त्यांची दट्ट्याशी टक्कर झाली आहे. मोडलेला भाग खोटी साक्ष देत नाही. ती ऐकणारा मात्र हवा. म्हणून जाणता मिस्त्री जळका, तुटका तुकडा लगेच भंगारात टाकीत नाही. तो पुसून उजेडात धरतो व पुन:पुन्हा न्याहाळतो.

ह्या गुणाचे एक थोर उदाहरण न्यूझीलंड देशात घडले. तेथे इन्व्हरकारगिल गावी बर्ट मन्रो नावाचा एक मनुष्य राहत असे. त्याने १९२० साली ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल घेतली. तिचा वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर होता. ती जगात सर्वांत वेगवान व्हावी असा त्याला ध्यास लागला. त्याच्याजवळ कारखाना नव्हता, पैसाही बेताचा होता. दिवसा नोकरी करावी आणि रात्री आपल्या पडवीत इंजिनाशी झुंजावे, असा त्याचा क्रम होता. दट्ट्ये तो स्वत: ओतीत असे. दांडे तर त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून घडवले. इंजिन कित्येक वेळा फुटले. मन्रोने ते तुकडे फेकले नाहीत. त्याने ते फळीवर ओळीने मांडले आणि त्यांवर ‘वेगाच्या देवाला अर्पण’ अशा अर्थाची पाटी लावली. पाटीत विनोद होता, पण ती फळी त्याची शाळाही होती. प्रत्येक तुटक्या दट्ट्याने त्याला पुढच्या दट्ट्याविषयी काहीतरी शिकवले. अखेर १९६७ साली अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने त्याच जुन्या मोटारसायकलीवर ताशी सुमारे २९६ किलोमीटर वेग गाठला व आपल्या वर्गातील विक्रम केला.

दुरुस्तीच्या वाटेने निर्मितीकडे गेलेली माणसे महाराष्ट्रातही झाली. १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाची सुरुवात बेळगावात सायकली विकण्यापासून व दुरुस्त करण्यापासून केली. पुढे त्यांनी शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्याच घराण्याने १९४६ साली पुण्यात तेलाची इंजिने बनवणारी कंपनी काढली. तिची इंजिने गावोगावच्या विहिरींवर पोहोचली. दुसऱ्याने घडवलेली वस्तू उघडून समजून घेणारा हात एक दिवस स्वत: वस्तू घडवू लागतो.

पुन्हा बांधलेले इंजिन सुरू करण्याची घटका मोठी कसोटीची असते. हेडचे पेच मनास येतील तसे आवळलेले नसावेत. ते मधल्या पेचापासून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या जोराने आवळावे लागतात, नाहीतर हेड वाकते. सुरू करण्यापूर्वी तेल सर्व वाटांत पोहोचल्याची खात्री करावी लागते. इंजिन कधीही बंद खोलीत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. फिरत्या पट्ट्याजवळ लहानांनी तर जाऊच नये. इंजिन सुरू झाले तरी मिस्त्री आनंदाने वेग वाढवीत नाही. तो आधी तेलाचा दाब पाहतो, मग कान देतो. नव्या दट्ट्यांच्या रिंगा सिलिंडराशी जुळेपर्यंत काही दिवस त्याला ते इंजिन बेतानेच चालवावे लागते.

आज रस्त्यांवर विजेच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. त्यांत दट्ट्या नाही, ठिणगी नाही, धूरही नाही. कदाचित उद्याच्या मिस्त्रीच्या हातांना तेलाचा डाग लागणार नाही. तथापि यंत्र कोणतेही असो, ते कधी ना कधी बंद पडणारच. त्या वेळी नवा भाग आणून देणारे पुष्कळ भेटतील. ‘हे का मोडले?’ असे विचारून उत्तर मिळेपर्यंत तो तुकडा हातातून खाली न ठेवणारा मात्र विरळाच असेल. यंत्र त्याच्याच हाती सुखरूप राहील.

अभ्यास

१. पाणी व तेल यांना इंजिनाचे ‘मूक सेवक’ का म्हटले आहे?
२. इंजिन बांधताना पाळावयाचे तीन नियम कोणते? प्रत्येकाचे कारण सांगा.
३. ‘त्याने परिणाम बदलला. कारण तसेच राहिले.’ ह्या वाक्यांचा अर्थ पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. मन्रोची फळी ही त्याची शाळा होती, असे का म्हटले आहे?
५. वाक्यांत उपयोग करा : पणाला लागणे, थारा नसणे, ध्यास लागणे, कान देणे.
६. तुमच्या गावातील एखाद्या मिस्त्रीला भेटा. एखाद्या यंत्रातील बिघाडाचे कारण त्याने कसे शोधले, ते विचारून दहा ओळी लिहा.