वायर आखूड, नळी लांब

हवेचा पंप कुठला घेऊ, असं विचारत होतीस ना? अगं, पंपाचं शेवटी बोलू. दुकानात गेलीस की तो माणूस चार डबे उघडून मांडेल. एकाला डिजिटल मीटर, एकाला टॉर्च, एकाला कसली तरी लाल पिशवी. त्या टॉर्चला भुलू नकोस. आधी दोन गोष्टी ठरव: पंपाला वीज कुठून देणार आणि गाडीत तो बसणार कुठे. एवढं ठरलं की कुठला घ्यायचा ते फारसं विचारावंच लागत नाही.

तुझ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर ते लायटरचं भोक आहे, जिथे तू मोबाइल लावतेस. सगळे छोटे पंप तिथेच खुपसायला सांगतात. पण त्या भोकाच्या मागे बारीक वायर असते आणि १० ते २० अँपिअरचा फ्यूज. १५ चा धरलास तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॉट. कारचं चाक ३०-३५ पीएसआयवर भागतं, त्याला ८-१० अँपिअर ओढणारा पंप पुरतो. तुझ्या मागच्या चाकांना, टोमॅटोची कॅरेट भरलेली असताना, त्याच्या दीडपट-दुप्पट हवा लागते. नेमका आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तो पुसला गेला असेल तर गाडीच्या पुस्तकात बघ. टपरीवरच्या माणसाच्या अंदाजावर जाऊ नकोस. एवढी हवा वेळेत भरणारा पंप २५-३० अँपिअर खातो. तो लायटरमध्ये लावलास तर बरं असेल तेव्हा फ्यूज जाईल. बरं नसेल तेव्हा, म्हणजे आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी तार गुंडाळून ठेवली असेल तेव्हा, प्लगचं टोक तापून सॉकेटचं प्लास्टिक वितळेल. सेकंडहँड गाडी घेतलीस ना, म्हणून सांगते: फ्यूजबॉक्स उघडून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तेव्हा मोठ्या पंपाला वीज थेट बॅटरीतूनच. चिमटे लावता येतात, पण रात्री पावसात बॉनेट उघडून, मोबाइल दातात धरून लाल-काळं शोधत बसायचं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा एकदाच पक्की वायर ओढून घे आणि तिच्या टोकाला जाड चौकोनी प्लग बसवून घे, ई-रिक्षा चार्ज करायला लावतात ना, तसला. अँडरसन प्लग म्हण, वायरिंगवाला समजतो. ५० अँपिअरचा पुरतो, उलटा बसत नाही, आणि टोपण लावलं की धूळ-चिखल आत जात नाही.

आता खरं सांगायचं ते हे. वायरिंगवाले विचारतात, "ताई, पॉइंट मागे हौद्यापाशी देऊ का? मागच्या चाकांना जवळ पडेल." नको म्हणायचं. बॅटरी पुढे बॉनेटखाली आहे. तिथून मागे ४ मीटर वायर गेली की जायची ४ आणि यायची ४, अशी ८ मीटर झाली. साधी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल आणि पंप ३० अँपिअर ओढत असेल, तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट जिरतात. लांब, बारीक पाइपातून शेवटच्या सरीला पाणी पोचता पोचत नाही, तसंच ते. पंप कण्हत राहतो, तापतो, आणि आपण म्हणतो कंपनी फसवी. त्याच कामाला ६ स्क्वेअर एमएमची घेतलीस तर पाऊण व्होल्ट जातो. आणि प्लग बॅटरीपासून मीटरभरावर, पुढच्या बंपरच्या आत किंवा बॉनेटखाली ठेवलास तर त्याच ६ च्या वायरीत जेमतेम पाव व्होल्टही जात नाही.

मग मागच्या चाकाचं काय? हवेची नळी लांब घ्यायची! हवेला त्या लांबीचं फारसं काही वाटत नाही. पंप चालू असताना थोडा दाब नळीत जातो, पण पंप थांबवलास की चाकात आणि नळीत दाब सारखा होतो. म्हणून मीटर नेहमी पंप बंद करूनच वाचायचं. चालू पंपाचं मीटर जास्त दाखवतं आणि लोक अर्ध्या हवेवर निघून जातात. पिकअपला ८-१० मीटर नळी असली की पुढून मागच्या पलीकडच्या चाकापर्यंत आणि स्टेपनीपर्यंतही पोचते. वायर आखूड, नळी लांब, हे वायरिंगवाल्याला आणि दुकानदाराला दोघांनाही सांग. नळी जाळीदार रबराची घे. पंपातून निघणारी हवा चांगलीच गरम असते. साधी प्लास्टिकची नळी पंपाच्या तोंडाशी मऊ पडून सुटते.

फ्यूजवर मात्र तडजोड नाही. तो बॅटरीच्या लाल टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच बसला पाहिजे. पुष्कळजण तो पंपापाशी बसवतात, पंप जळू नये म्हणून. अगं, फ्यूज असतो वायरीसाठी. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कुठे पत्र्याला घासून सोलला, तर त्याला थांबवणारं कुणीच नसतं; आग तिथून लागते. ३० अँपिअरच्या पंपाला, ६ च्या वायरीवर, ४० चा फ्यूज. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, वरून नालीदार पाइप, टोकांना दाबून बसवलेले थिंबल. नुसती पिळून टेप मारलेली वायर दाखवली तर पैसे देऊ नकोस. काळी वायरही बॅटरीपर्यंतच ओढून घे. गंजलेल्या बोल्टला "बॉडी अर्थ" देऊन मोकळं होण्याची सवय असते त्यांना.

रिले लागेल का? पंप कायमचा ठोकून डॅशबोर्डवर त्याचं बटण हवं असेल तर लागेल, कारण ३० अँपिअर त्या नाजूक बटणातून नेता येत नाहीत. पण तुझा पंप सुटा राहणार, त्याला स्वतःचं बटण आहे. उगाच खर्च नको.

सुटा राहणार म्हणजे गाडीत लोळणार असं नाही हं. माळशेजच्या वळणांवर पाच-सहा किलोचा लोखंडी गोळा क्लीनरच्या पायाशी ठेवून बघ, कुठल्या वळणावर तो ब्रेकच्या पायडलखाली येईल ते सांगता यायचं नाही. क्लीनरच्या सीटखाली, जॅक-पान्ह्याच्या शेजारी, ३ मिलिमीटरची पट्टी बसवून घे. तिच्यावर रबरी बुश आणि विंग नट. हाताने दोन नट फिरवले की पंप बाहेर, काम झालं की परत जागेवर. रबर नसेल तर गाडीच्या थरथरीने नट आपोआप ढिले होतात. पट्टीच्या खालच्या बाजूला नायलॉकचे नट टाक. आणि भोक पाडण्याआधी खाली वाकून बघायला सांग, पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते. ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंगची जुडी, सगळं तिथूनच जातं. चॅसीच्या पट्ट्यांना तर ड्रिल लावूच देऊ नकोस.

बॉनेटखाली बसवतात काहीजण. दिसायला छान दिसतं. पण इंजिनाची उष्णता, वर पंपाची स्वतःची उष्णता, आणि पावसाळ्यात उडणारं पाणी. हौद्यात ठेवलास तर कॅरेट आदळतील, नाहीतर वाशीच्या मार्केटात गाडी रिकामी होईस्तोवर पंपही उतरवून नेतील कुणी. केबिनच बरी. फक्त चालवताना त्याला बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेव, गुंडाळलेल्या घोंगडीवर नको. त्याच्या नावाच्या पट्टीवर किती मिनिटं चालवून किती थांबायचं ते लिहिलेलं असतं. आपोआप बंद पडला तर बिघडला समजून ठोकू नकोस. तापला की थांबतो तो, थंड झाला की चालू होतो.

चालवताना इंजिन चालूच ठेव. नुसत्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आत-बाहेर मिळतात, अल्टरनेटर फिरत असला की चौदाच्या आसपास. पंपाला जोर येतो आणि पहाटे मुरबाडच्या अलीकडे बॅटरी उतरून बसण्याची वेळ येत नाही. हँडब्रेक, न्यूट्रल, इंडिकेटर चारही, आणि चाकामागे दगड. निघताना तो दगड उचलून कडेला टाक बाई. घाटात मागे पडलेले ते दगड पहाटेच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाहीत. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरत बसायचं नाही, धूर डोक्यात जातो.

हवा शक्यतो निघण्याआधी, चाकं थंड असताना बघ. घाट उतरून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, ते चाक तापल्यामुळे. तिथे हवा सोडलीस तर सकाळी तेच चाक मऊ सापडेल. चाक पार बसलेल्या अवस्थेत बरंच अंतर चाललं असेल तर मात्र त्याला रस्त्यात हवा भरूच नकोस. बाजूची भिंत आतून चुरडलेली असते, भरताना फाटते. स्टेपनी लाव. एरवी भरतानाही चाकासमोर उभी राहू नकोस, बाजूला राहा. लांब नळीचा हाही एक फायदा.

तुझी चाकं ट्यूबवाली आहेत की ट्यूबलेस, तेवढं मला सांग. ट्यूबलेस असतील तर पंपाबरोबर वातीचं किट घेऊ, मग पंक्चरवाल्याची वाट बघायला नको. ट्यूबवाली असतील तर ते किट कुचकामी आहे. हळूहळू हवा जात असेल तर मात्र पंपाच्या भरवशावर पुढच्या गावापर्यंत पोचता येतं, आणि रात्री अडीचला एकट्या बाईला तेवढंही पुष्कळ असतं.

तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात पुढे दहाचाकी घ्यायचं चाललंय म्हणे. त्याला सांग, ती गाडी २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. हा पंप त्यातल्या एकाच बॅटरीला लावायचा शहाणपणा करू नकोस. ती एक उतरत जाते, दुसरी जादा चार्ज होते, दोन्ही लवकर मरतात. आणि खरं तर तिथे पंप लागतच नाही. त्या गाडीचे ब्रेकच हवेवर चालतात, तिच्या पोटात कॉम्प्रेसर आणि टाकी असते. म्हणून तर अडल्यावेळी मोठ्या ट्रकवाल्याला हात करायचा; त्याच्याकडे नळी असली तर तो टाकीतून हवा देतो.

राहिला पंप. डब्यावर मिनिटाला इतके लिटर म्हणून जो आकडा छापतात, तो बहुतेक वेळा रिकाम्या नळीचा असतो. दुकानदाराला विचार, ५०-६० पीएसआयवर किती देतो? उत्तर नसेल तर गाडी दारात लाव आणि एक मागचं चाक भरून दाखवायला सांग. बॅटरी आत असलेले ते हातात मावणारे पंप बघू नकोस, ते स्कूटीला आणि कारला ठीक. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये त्यांची बॅटरीही लवकर म्हातारी होते. पैसे उरले तर ते वायरीत घाल.

रविवारी नारायणगावला ये, माझा वायरिंगवाला दुपारनंतर मोकळा असतो. आणि निघताना खाली वाकून स्टेपनी दाबून बघ. सेकंडहँड गाडीत ती हमखास बसलेली असते.