चकचकीत कागद की दुधी कागद?

पॉलिहाऊसच्या धंद्यात आता आपले बरेच बांधव आहेत. कोणी पाइप वाकवून सांगाडा जोडतो, कोणी कागद विकतो, कोणी गुलाब-जरबेऱ्याची आडत करतो. तिघांचाही नफा-तोटा शेवटी एकाच गोष्टीवर अवलंबून असतो. छपराच्या कागदातून आत उजेड किती उतरतो आणि कसा उतरतो? 'किती' हे सगळेच विचारतात. 'कसा' हे फारसे कोणी विचारत नाही, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

गिऱ्हाईक दुकानात येते, नमुना उन्हाकडे धरून पाहते आणि जो काचेसारखा स्वच्छ दिसेल तोच कागद मागते. दुधी, म्हणजे 'डिफ्यूज' कागद दाखवला तर 'यातून ऊन अडेल' म्हणून बाजूला सारते. डोळ्यांना तसे वाटते खरे, पण पिकाचा हिशेब वेगळा आहे. नव्या स्वच्छ कागदातून सुमारे ८७ ते ९० टक्के उजेड आत येतो. चांगल्या प्रतीच्या दुधी कागदातून येणारा एकूण उजेड त्याहून थोडाच कमी असतो. फरक असा, की दुधी कागद किरणांना फोडून चारी दिशांना पसरवतो.

याचा परिणाम काय होतो? स्वच्छ कागदाखाली भर दुपारी शेंड्याच्या पानांवर सरळ ऊन पडते. पान ठराविक मर्यादेपर्यंतच उजेड कामी लावू शकते. त्यापुढचा उजेड नुसती उष्णता होतो. त्याच वेळी खालची पाने सावलीत उपाशी असतात. शिवणकामाच्या कारखान्यात एकाच कारागिरापुढे शंभर शर्टांचा ढीग टाकावा आणि बाकीचे नऊ जण रिकामे बसवावेत, तसा हा प्रकार आहे. पसरलेला उजेड बाजूने, तिरका, पानांच्या फटीतून खाली जातो. ढीग दहा जणांत वाटला जातो. पाइपांच्या कडक सावल्याही पुसट होतात, आणि फुलांच्या पाकळ्या करपण्याचे प्रमाण कमी होते.

हॉलंडमधील वागेनिंगेन येथे उजेड पसरवणाऱ्या काचेखाली काकडी व टोमॅटो घेऊन पाहिले, तेव्हा साध्या काचेपेक्षा उत्पादन वाढले. चांगल्या प्रयोगांत ही वाढ आठ-दहा टक्क्यांपर्यंत गेली. तिकडे आभाळ बराच काळ भरलेले असते. आपल्याकडे हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत सरळ ऊन भरपूर, त्यामुळे पसरवण्याचा उपयोग इथे अधिकच. पावसाळ्यात मात्र गणित बदलते. ढगांनी उजेड आधीच पसरवलेला असतो, तेव्हा एकूण किती आत येतो तेच महत्त्वाचे. म्हणून 'दुधी' या नावाखाली जो निव्वळ काळपट, हलका माल विकला जातो तो घेऊ नये. एकूण उजेड किती आणि त्यातला पसरलेला किती, हे दोन्ही आकडे कंपनीच्या पत्रकावर लेखी मागावेत. आकडे देत नसेल तो माल आमच्या मते दुकानात ठेवूच नये. शेतकरी कर्ज काढून पॉलिहाऊस उभारतो, आणि कागद फसला की तो कंपनीकडे नाही, तुमच्याकडे येतो.

मायक्रॉनची खात्री काट्यावर होते. पॉलिथिनची घनता साधारण ०.९२. त्यामुळे २०० मायक्रॉनचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा सुमारे १८४ ग्रॅम भरला पाहिजे. तो १५० ग्रॅम भरला तर कागद १६३ मायक्रॉनच्या आसपासचा समजावा, मग रोलवर काहीही छापलेले असो.

आता सांगाडा जोडणाऱ्यांसाठी. कागद बहुधा पाइपाला टेकतो तिथेच आधी फाटतो, कारण उन्हात तापलेला लोखंडी पाइप त्याला आतून भाजतो. टेकणाऱ्या जागी पाइपाला पांढरा रंग द्यावा किंवा पांढरी पट्टी लावावी. गंधकाची फवारणी व धुरी यांनीही कागदातले ऊन सोसण्याचे रसायन लवकर संपते. हे शेतकऱ्याला माल देतानाच सांगावे. थेंब न धरणारा कागद असेल तर कोणती बाजू आत ठेवायची ते रोलवर वाचून मगच उलगडावा. उलटा बसला की छताला थेंब लटकतात, उजेड अडतो, आणि पहाटे तेच थेंब फुलांवर गळून बुरशी येते. शक्य असेल तिथे पन्हळ उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे तिची सावली दिवसभर सरकत राहते, एकाच वाफ्यावर बसत नाही.

पिकानुसार कागदही बदलतो. अतिनील किरणे अडवणाऱ्या कागदाखाली लाल गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडण्याचे प्रमाण घटते व पांढरी माशीही कमी येते. पण जांभळ्या वांग्याला रंग चढायला हीच किरणे लागतात. तिथे हा कागद दिला तर फिकट वांगी बाजारात उतरतील.

आणि धूळ. रस्त्याकाठच्या पॉलिहाऊसवर उन्हाळ्यात इतकी धूळ बसते, की उत्तम कागदाचाही मोठा उजेड वाया जातो. साध्या पाण्याने, मऊ फडक्याने किंवा स्पंजाने धुवावे; खराट्याने घासू नये. उभारणीच्या करारातच वर्षाकाठी दोन धुलाया धरल्या तर कारागिरालाही मोकळ्या दिवसांत काम राहते.