वृद्धाश्रमाचं बिल: छापलेलं आणि न छापलेलं

"महिन्याला किती?" वृद्धाश्रमात फोन लावला की पहिला प्रश्न हाच असतो. उत्तरात मिळणारा आकडा खोटा नसतो, पण तो हिंडत्या-फिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसाचा असतो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारा: अंथरुणाला खिळल्यावर किती? आणि तेव्हा ठेवून घेता, की घरी न्या म्हणता?

अनामत आणि देणगी यांत गल्लत करू नका. अनामत परत मिळते, देणगी मिळत नाही. पावतीवर कोणता शब्द आहे ते काउंटरवरच वाचा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत साठीपुढच्या रहिवाशाचं शुल्क राहणं-जेवण धरून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. खासगी कंपनीच्या निवासाला ही सवलत मिळत नाही.

आत्याला ठेवलं तेव्हा आम्ही खोली, जेवण, औषधं असं सगळं धरलं होतं. राहिली ती रात्रीची मावशी. नव्या जागेत झोप लागत नाही, अंधारात बाथरूमचं दार सापडत नाही, आणि म्हातारं माणूस पडतं. जेवणाची चव वेगळी, म्हणून ताट अर्धं परत जातं, वजन उतरतं, मग डबे आणि टॉनिकं सुरू होतात. पहिल्या तीन महिन्यांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवाच. डायपर ३५ रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन लागले, तर महिन्याचे ३,१५० झाले. आणि या तीन महिन्यांत घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका. परतीचं दार उघडं आहे हे कळलं की माणूस लवकर रुळतं, असं माझं मत.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आश्रमाचं शुल्क किंवा रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. रुग्णालयात सोबत कोण बसणार, आश्रमाचा माणूस बसला तर त्याचे दिवसाला किती, हेही लिहून घ्या. शुल्काबद्दल नव्हे, पण छळ किंवा हेळसांडीची शंका आली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथला फोन फुकट.

शेवटी, गणपतीला आठ दिवस घरी आणलंत तर तेवढ्या जेवणाचे पैसे वजा होतात का, विचारा. राज्यात एसटीचं तिकीट पासष्टीपासून अर्धं आणि पंचाहत्तरीनंतर माफ आहे. आणायला मुलगा गेला तर पूर्ण, मुलगी गेली तर तिलाही अर्धंच.